कोंडलेल्या वायूचा हिशोब

काल सुरळीत चालणारी अर्धस्वयंचलित रायफल आज नळीच्या तोंडाला सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारा डबा, बसवताच अडखळू लागते. रिकाम्या पुंगळ्या भलत्याच दिशेला उडतात, डोळ्यांत धूर जातो, मधूनच एखादं काडतूस अर्धवट अडकतं, आणि दोनशे-तीनशे गोळ्यांत बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा पोलादी भाग) काळाकुट्ट होतो. सप्रेसर खराब निघाला, असा पहिला निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. सप्रेसर आपलं काम चोख करत असतो. रायफलीच्या गॅस यंत्रणेचा हिशोब मात्र त्याला धरून मांडलेलाच नसतो.

हायरम पर्सी मॅक्सिम यांना त्यांच्या सायलेन्सरचं पेटंट १९०९ साली मिळालं. मोटारीच्या धुराड्याचा आवाज दाबणारा मफलरही त्यांनी त्याच तत्त्वावर विकसित केला. त्यांचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे मशीनगनचे जनक, आणि त्या गोळीबारापायी त्यांची श्रवणशक्ती बरीच गेली होती. बापाने ज्या स्फोटाच्या धक्क्यावर बंदूक आपोआप चालवली, त्याच स्फोटाच्या वायूला मुलाने कोंडायचं ठरवलं! बापलेकांच्या या दोन कामांतला तंटा आजच्या प्रत्येक सप्रेसर लावलेल्या स्वयंभरण रायफलीत चालू असतो, असं गमतीने म्हणता येईल.

आधी वायूचा प्रवास पाहू. उदाहरणाला एआर-१५ घराणं घेऊ, कारण सर्वांत जास्त डोकेदुखी तिथेच आहे आणि उपायही तिथेच सर्वांत जास्त आहेत. चाप ओढल्यावर दारू जळते आणि चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीतला, दाब प्रचंड वाढतो. .२२३ रेमिंग्टनसाठी कमाल मर्यादाच ५५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. गोळी नळीतून पुढे जाताना गॅस पोर्ट नावाचं एक बारीक भोक ओलांडते. त्या भोकातून थोडा वायू गॅस ब्लॉकमध्ये, तिथून गॅस ट्यूबमधून मागे बोल्ट कॅरियरमध्ये, म्हणजे बोल्टला वाहून नेणाऱ्या भागात, शिरतो आणि कॅरियरला मागे ढकलतो. कॅरियर थोडा सरकला की कॅम पिन बोल्टला फिरवते, कुलूप उघडतं, पुंगळी बाहेर ओढली जाते. युजीन स्टोनर यांच्या रचनेत बोल्टची शेपटी हाच दट्ट्या आणि कॅरियर हाच सिलिंडर.

यात महत्त्वाचा आकडा वेळेचा. पोर्ट ओलांडल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच नळीत पूर्ण दाब असतो. साडेचौदा इंची नळी आणि कार्बाइन लांबीची गॅस यंत्रणा असेल, तर पोर्टच्या पुढे साधारण सात इंच नळी उरते. सेकंदाला ९०० मीटर वेगाने गोळी ते अंतर ०.२ मिलिसेकंदात कापते. तेवढ्यात जो वायू मागे गेला, त्यावर सगळा कारभार. गोळी बाहेर पडताच दाब धाडकन उतरतो आणि गॅस ट्यूबचा पुरवठा आटतो.

सप्रेसर नेमका हा उतार लांबवतो. त्याच्या पोटातल्या बॅफलच्या पडद्यांमागे वायू अडतो, फिरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. आवाज कमी होतो तो यामुळेच. पण तोवर नळीतला दाब चढाच राहतो आणि पोर्टमधून वायू मागे जातच राहतो. म्हणजे भोक तेवढंच, पण नळ उशिरा बंद होतो. वरून दुसरा रस्ताही उघडतो. बोल्टचं कुलूप निघतं तेव्हा नळीत अजून वायू भरलेला असतो, आणि तो थेट चेंबरमधून मागे, नेमबाजाच्या तोंडावर येतो. हे दोन रस्ते मनात वेगळे ठेवले तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. गॅस ब्लॉक पहिल्या रस्त्यावर ताबा ठेवतो. दुसऱ्यावर त्याची थेट सत्ता नाही. पण पहिला आवरला की कुलूप थोडं उशिरा उघडतं, मधल्या काळात नळीतला दाब उतरतो, आणि दुसऱ्या रस्त्याने येणारा धूरही घटतो. घटतो म्हणजे संपतो असं नाही. गॅस ब्लॉक पिळून पिळून चेहऱ्यावरचा धूर शून्यावर आणायचा प्रयत्न करणारे शेवटी रायफलच बंद पाडतात.

जास्त वायू म्हणजे जास्त वेगाचा कॅरियर. तो लवकर आणि जोरात मागे जातो. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतींना फुगून चिकटलेली असताना एक्स्ट्रॅक्टर तिची कड पकडून ओढतो. कड वाकते, कधी फाटते, कधी पुंगळी आतच राहते. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा उमटतो. बोल्ट फिरू लागला तेव्हा पितळ अजून दाबाखाली होतं, याची ती सही. मागे गेलेला कॅरियर तितक्याच घाईने परत येतो, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर उचलायच्या आत बोल्ट त्याच्यावरून निघून जातो. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट कॅच (बोल्टला मागे अडवून धरणारा खटका) वर यायलाही वेळ लागतो. तो आला नाही, तर बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो.

इथे भले भले फसतात. काडतूस न भरणं आणि शेवटी बोल्ट मागे न अडकणं ही लक्षणं वायू कमी पडला तरी दिसतात! कमी वायूत कॅरियर पुरता मागेच जात नाही. रोग उलटे, लक्षणं सारखी. पुंगळ्या पाहून अंदाज बांधता येतो. नळीचं तोंड घड्याळातले बारा धरलं, तर निरोगी रायफल पुंगळी साधारण तीन ते साडेचारच्या दिशेला टाकते. एक-दोनच्या दिशेला पुढे भिरकावली तर वायू जास्त. पाच-सहाकडे, पायाशी मरगळून पडली तर कमी. मात्र हा अंदाजच. इजेक्टरची स्प्रिंग कडक असेल, एक्स्ट्रॅक्टरची ढिली असेल, किंवा डिफ्लेक्टरवर कुणी मऊ पट्टी चिकटवली असेल, तर घड्याळ खोटं बोलतं. खात्रीची कसोटी साधी आहे. गॅस ब्लॉक कमीजास्त करता येणारा असेल, तर गॅस दोन क्लिक (स्क्रूचे दोन टप्पे) कमी करा. त्रास घटला तर वायू जास्त होता, वाढला तर कमी. ठसे आणि वाकलेल्या कडा साक्षीला असतातच.

आता क्रम. वायू जास्त असेल तर तो उगमापाशी कमी करावा, आणि बफर (कॅरियरच्या मागचं वजन) आणि त्याच्या स्प्रिंगला नंतर हात लावावा. बाजारात उलटा क्रम लोकप्रिय आहे, कारण बफर बदलायला हत्यार लागत नाही आणि मिनिटभरात काम होतं. गॅस ब्लॉकसाठी हँडगार्ड काढावा लागतो. पण जड बफर वायू कमी करत नाही, तो फक्त जास्त वायूशी झुंजतो. तेवढाच वायू, तेवढीच काजळी, फक्त हालचाल जरा मंद.

गॅस ब्लॉकच्या आधी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली म्हणजे सप्रेसर सरळ बसला आहे का. ५.५६ मिलिमीटरच्या (.२२३ च्याच मापाच्या) नळीच्या तोंडाला बहुधा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ असे आटे असतात. ७.६२ ला ५/८ इंच आणि २४ आटे. सप्रेसरचा माउंट बसवताना क्रश वॉशर वापरायचा नाही. तो एका बाजूला जास्त चेपतो आणि माउंट तिरका बसतो. अचूक जाडीचे शिम वापरावेत. मग रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून अलाइनमेंट रॉड नळीत घालावा आणि सप्रेसरच्या पुढच्या भोकात तो मधोमध दिसतो का पाहावं. गोळी बॅफलला घासली तर पुढचं सगळं ट्यूनिंग व्यर्थ. माउंट पक्का करायला साधा थ्रेडलॉकर चालत नाही, कारण उष्णतेने तो सुटतो. रॉकसेटसारखं सिरॅमिक चिकटद्रव्य लागतं. ते उष्णतेला दाद देत नाही, पण पाण्यात भिजवलं की सैल होतं. उष्णतेला न जुमानणारी वस्तू पाण्यापुढे नमते, याची मौज वाटते.

दुसरी गोष्ट, रायफल सप्रेसरविना निरोगी आहे का. कॅरियरवरची गॅस की (गॅस ट्यूब जिच्यात शिरते ती नळकांडी) घट्ट आहे का, तिचे स्क्रू नीट ठोकून पक्के केलेत का, गॅस ब्लॉक पोर्टवर बरोबर बसलाय का. बोल्टच्या गॅस रिंगची परीक्षा अशी की बोल्ट बाहेर ओढून कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा करायचा. स्वतःच्या वजनाने तो खाली बसला तर रिंगा झिजल्या आहेत. गळकी रायफल सप्रेसरसह छान चालते आणि सप्रेसर काढताच दगा देते. मग दोष भलत्यावरच जातो.

पोर्टच्या मापातही गोम असते. लष्करी एम-४ च्या साडेचौदा इंची नळीत ते सुमारे ०.०६२५ इंच असतं, म्हणजे १.६ मिलिमीटर. नागरी बाजारातल्या पुष्कळ नळ्यांमध्ये मुद्दाम मोठं ठेवतात, कारण स्वस्त, अशक्त काडतुसावरही रायफल चालली पाहिजे. ग्राहकाची तक्रार येऊ नये म्हणून दिलेली ही सवलत सप्रेसर लावल्यावर अंगाशी येते. मोठं पोर्ट लहान करता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे अडथळा उभा करायचा.

हा अडथळा तीन-चार प्रकारांनी मिळतो. एक स्क्रूचा गॅस ब्लॉक, यात स्क्रू आत जाईल तसा मार्ग अरुंद होतो. दुसरा ब्लीड-ऑफ प्रकार, जास्तीचा वायू बाहेर सोडून देणारा. तिसरा, ठरावीक मापाचं बारीक छिद्र असलेली गॅस ट्यूब. तिच्यात फिरवायला काहीच नसतं, म्हणून बिघडायलाही काही नसतं. कॅरियरमध्येच वायू सोडून देणारी झडप असलेलेही मिळतात, आणि हँडगार्ड काढायचा कंटाळा असलेल्यांना ते आवडतात. रायफल कायम एकाच सप्रेसरसह आणि एकाच प्रकारच्या काडतुसावर चालणार असेल, तर माझं मत ठरावीक छिद्राच्या ट्यूबला. सप्रेसर काढघाल होणार असेल तर स्क्रू किंवा ब्लीड-ऑफ.

स्क्रूच्या गॅस ब्लॉकचं ट्यूनिंग असं. वापरायच्या काडतुसांपैकी सर्वांत अशक्त काडतूस निवडा. जोरदार काडतुसावर बसवलेली रायफल अशक्तावर अडते, पण उलट होत नाही. रायफल रिकामी, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेला. स्क्रू पूर्ण बंद करा. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा. बोल्ट मागे अडकणार नाही, पुंगळी आतच राहील किंवा अर्धवट निघेल, ती हाताने काढा. एक क्लिक उघडा, पुन्हा एक काडतूस. हे रटाळ आहे आणि रटाळपणेच करायचं असतं. ज्या क्लिकला बोल्ट पहिल्यांदा मागे अडकेल, तिथे थांबून तीच कसोटी पाच वेळा करा. पाचही वेळा अडकला तर हा तुमचा उंबरठा. एकदा जरी चुकला तर आणखी एक क्लिक. मग उंबरठ्यावर एक-दोन क्लिक राखीव म्हणून उघडून ठेवा. त्यानंतर भरलेलं मॅगझिन सलग झाडून पाहा, आणि रायफल खांद्यावर जरा सैल धरूनही पाहा. घट्ट टेकवलेली रायफल जेमतेम वायूवरही चालून जाते, सैल धरलेली गुपित फोडते.

त्या राखीव क्लिकबद्दल थोडं थांबतो. उंबरठ्यावर बसवलेली रायफल विलक्षण मऊ चालते. धक्का नाही, दुर्बिणीतलं लक्ष्य हलत नाही, पुंगळ्या एकाच ठिकाणी ढीग करतात. मोह होतो तिथेच ठेवायचा. पण थंडीत दारूचा दाब कमी पडतो, वंगण घट्ट होतं, तीनशे गोळ्यांनंतर काजळी घर्षण वाढवते, काडतुसांची नवी खेप किंचित सौम्य निघते. यातलं एकेक परवडतं, सगळं एकदम आलं की रायफल ठप्प. स्पर्धेतला नेमबाज, ज्याचं हवामान आणि काडतूस दोन्ही ठरलेलं आहे, त्याने उंबरठ्याशी लगट करावी. बाकीच्यांनी थोडा रांगडेपणा पत्करावा. सर्वांत मऊ चालणारी मांडणी आणि सर्वांत भरवशाची मांडणी या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि त्यांच्यात एक-दोन क्लिकचंच अंतर आहे.

ब्लीड-ऑफ जातीच्या ब्लॉकमध्ये दिशा उलटी होऊ शकते, म्हणून निर्मात्याचं पत्रक आधी वाचावं. जुन्या एफएन एफएएलचा गॅस रेग्युलेटर हे याचं नमुनेदार उदाहरण. तो जास्तीचा वायू बाहेर सोडतो, म्हणून पूर्ण उघडला की दट्ट्याला वायू कमी पडतो. तिथे उघड्यापासून सुरुवात करून हळूहळू बंद करत जायचं, बोल्ट अडकू लागला की आणखी दोन क्लिक बंद करायचे. तर्क तोच, फक्त हात उलटा फिरतो. अशा, वायू वेगळ्या दट्ट्याला ढकलतो त्या रायफलींना सप्रेसरचा त्रास होत नाही असा एक समज आहे. होतो. त्यात काजळी गॅस ट्यूबमधून बोल्टमध्ये येत नाही इतकंच. नळीतून मागे येणारा दुसरा रस्ता तिथेही उघडाच असतो. म्हणूनच अनेक आधुनिक दट्ट्या रायफलींवर साधी आणि सप्रेसरची अशा दोन खुणा असलेला रेग्युलेटर दिसतो.

गॅस बसला की बफर. कार्बाइन बफर सुमारे ३ औंसांचा, म्हणजे ८५ ग्रॅम. एच सुमारे ३.८, एच-२ सुमारे ४.६, एच-३ सुमारे ५.४ औंस. आतल्या तीन वजनांपैकी पोलादाची किती आणि टंगस्टनची किती, एवढाच या नावांतला फरक. ही वजनं आत थोडी सरकतात, त्यामुळे कॅरियर पुढे आदळल्यावर उसळी मारत नाही. सप्रेसरच्या रायफलीला बहुधा एच किंवा एच-२ वर समाधान लाभतं. एच-३ लागत असेल तर गॅस अजून जास्त आहे असं समजून मागे वळावं. बफर बदलला की एका काडतुसाची कसोटी पुन्हा करायची, कारण उंबरठा सरकलेला असतो.

स्प्रिंग हा सर्वांत गैरसमज झालेला भाग. कडक स्प्रिंग टाकली की कॅरियर मंदावतो, हे जाताना खरं. येताना तीच स्प्रिंग त्याला जास्त जोराने पुढे फेकते, आणि मॅगझिनला काडतूस उचलायला मिळणारा वेळ आणखी कमी होतो. म्हणजे जो रोग बरा करायचा होता तोच वाढतो. वजन दोन्ही दिशांना आळस आणतं, स्प्रिंग एका दिशेला लगाम आणि दुसऱ्या दिशेला चाबूक. आधी स्प्रिंग जुनी होऊन आखूड तर झाली नाही ना, एवढं पाहावं. कार्बाइनची स्प्रिंग मोकळी असताना दहा इंचांच्या आत आली की टाकून द्यावी. एकाच वेळी बफर आणि स्प्रिंग दोन्ही बदलू नयेत, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. मॅगझिनच्या स्प्रिंगकडेही पाहावं. कित्येकदा सगळा खटाटोप झाल्यावर कळतं की मॅगझिनच म्हातारं झालं होतं.

सबसॉनिक काडतुसांचं प्रकरण वेगळंच. .३०० ब्लॅकआउटमध्ये जड, आवाजाच्या वेगाखाली चालणारी गोळी इतका कमी वायू देते की पुष्कळ रायफली सप्रेसरशिवाय ती चालवूच शकत नाहीत. तिथे सप्रेसरचा कोंडलेला वायू हाच आधार. तीच रायफल सुपरसॉनिक काडतुसावर, सप्रेसरसकट, वायूने फुगून जाते. एका खुणेवर दोन्ही बसवण्यापेक्षा दोन खुणा शोधून नोंदवून ठेवाव्यात.

चेहऱ्यावरच्या धुराला राहिलेला उपाय म्हणजे चार्जिंग हँडल (बोल्ट हाताने मागे ओढायची मूठ). मागच्या कडेला आड असलेली किंवा वायू बाजूला वळवणारी हँडल मिळतात. काही जण रिसीव्हरच्या फटीत उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची बारीक कड लावतात. दिसायला गबाळं, पण गुण येतो. ज्यांचं बजेट मोठं आहे त्यांनी वायू पुढे वाहू देणारे सप्रेसर पाहावेत. त्यांत मागचा दाब कमी असतो आणि गॅस यंत्रणेला जवळजवळ हात लावावा लागत नाही, मात्र तोंडाशी ज्वाला किंवा आवाज थोडा जास्त असू शकतो.

आवाजाबद्दल भाबडेपणा नको. ५.५६ चा उघडा आवाज १६० डेसिबलच्या वर असतो, चांगला सप्रेसर त्यातले पंचवीस-तीस डेसिबल खातो, आणि उरतं ते १४० च्या आसपास. गोळीचा स्वतःचा तडाका वेगळाच, कारण हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि गोळी त्याच्या अडीचपट वेगाने. त्यावर कुठलाही सप्रेसर काही करू शकत नाही. जास्त वायूच्या रायफलीत कानाशेजारच्या इजेक्शन पोर्टमधूनही (पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतूनही) फट्ट असा आवाज येतो. गॅस नीट बसवला की तो उतरतो, पण कानांवर संरक्षण असावंच. कायदाही पाहावा. काही देशांत सप्रेसर शिकाऱ्याच्या सर्वसाधारण सामानात मोडतो, काहींत नोंदणी लागते, काहींत खासगी माणसाने तो जवळ बाळगणंच गुन्हा आहे.

देखभाल मात्र बदलते. सप्रेसरची रायफल ओली ठेवावी लागते. बोल्टच्या लग (कुलपाचे दाते), कॅम पिन आणि कॅरियरच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर नेहमीपेक्षा जास्त तेल, आणि दोनशे-तीनशे गोळ्यांनी पुन्हा. काजळी कोरडी झाली की कानसेसारखी वागते, तेलात भिजलेली चिखलासारखी सरकते. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग आणि गॅस रिंगा लवकर बदलाव्यात. बोल्टला लगच्या मुळाशी आणि कॅम पिनच्या भोकाजवळ तडे शोधावेत.

गॅस ब्लॉकचा स्क्रू काजळीने जाम होतो, तो अगदी तेव्हाच, जेव्हा फिरवायची गरज असते. जोर केला तर षटकोनी भोक गोल होतं आणि मग स्क्रू ड्रिलने कोरून काढावा लागतो. म्हणून दर साफसफाईला रायफल रिकामी आणि कोमट असताना आधी पूर्ण बंद होईपर्यंतचे क्लिक मोजायचे, आकडा लिहायचा, स्क्रू दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मोकळा करायचा, आट्यांवर उच्च तापमानाचं अँटी-सीझ किंचित लावायचं आणि मोजलेल्या आकड्यावर परत आणायचा. तो आकडा, बफरचं वजन, काडतुसाचं नाव आणि सप्रेसर होता की नव्हता, हे चारही एका चिठ्ठीवर लिहून पिस्तूल ग्रिपच्या पोकळीत ठेवावं.